कणीएवढा फुगा

त्या वर्षी आम्हाला नॉर्मल माणसं हवी होती. आजारी माणसं रोज येत. कुणाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली, कुणाची तुंबलेली, कुणी स्ट्रेचरवर, कुणी अर्धं अंग ओढत. त्यांचे फोटो आमच्याकडे ढिगाने होते. पण बिघडलेली वाहिनी बिघडली म्हणायची तर चांगली कशी दिसते ते आधी ठाऊक हवं, आणि तेही इथल्याच माणसांचं. म्हणून चाळिशी ओलांडलेली, कसलीही तक्रार नसलेली मुळशीतली माणसं मिळवायची आणि त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे एमआरआय काढायचे, असा आमच्या रुग्णालयाचा प्रकल्प होता. मी तिथे टेक्निशियन. मशीन चालवणं एवढंच माझं काम. पण माणसं मिळेनात, तेव्हा प्रकल्पाचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, ते म्हणाले की प्रत्येकाने आपापल्या ओळखीत विचारून बघा.

माझी ओळख ती काय असणार. मी लातूरकडची, नवऱ्याच्या हिंजवडीतल्या नोकरीमुळे सूसला आलेली. सोसायटीतल्या बायकांना विचारलं तर कुणाला त्या बोगद्यात झोपायची भीती, कुणाला रजा नाही. राहिल्या मावशी.

मावशी मुळशीतल्याच रिहे गावच्या. दर रविवारी सकाळी मुलाच्या टेम्पोतून सोसायटीच्या गेटपाशी येत. घरचा इंद्रायणी तांदूळ, दिवसांप्रमाणे वालाच्या शेंगा, काकड्या, करवंदं. पन्नाशीच्या असतील. तांदळाचं पोतं एकट्या उतरवत, मुलाला हात लावू देत नसत. सूसला आल्यावर पहिलं वर्षभर मी कुणाशी चार शब्द बोलत नव्हते, तेव्हा आठवड्यातून एकदा या बाईशी बोलणं व्हायचं. आमच्याकडे ज्वारी कशी पिकते हे त्या विचारायच्या आणि मी भात कसा लावतात हे विचारायची.

मी विचारलं, मावशी, तुम्हाला डोकेदुखी, चक्कर, काही त्रास? काय बी न्हाई म्हणाल्या. मग आमच्याकडे एक तपासणी करायला या, म्हटलं. त्यांना हसूच आलं.

"दुखणं न्हाई म्हणून दवाखान्यात या, असं कुणी बोलावतं व्हय?"

मी समजावलं. सुई नाही, औषध नाही, अर्धा तास नुसतं पडून राहायचं. तुमच्यामुळे आजारी लोकांना ओळखणं सोपं होईल. हे शेवटचं वाक्य आम्हाला शिकवलेलं होतं, पण मला ते मनापासून खरं वाटायचं. मावशींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, भात कापून झालं की येते.

त्या आल्या, सोबत काका, म्हणजे त्यांचे यजमान. काका बोलायचे कमी. टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसून राहिले. संमतीपत्र सात पानांचं होतं आणि मराठीत असलं तरी कुणाला कळावं असं नव्हतं. मावशी चौथी शिकलेल्या. मी एकेक कलम माझ्या शब्दांत सांगत गेले आणि त्या मान हलवत गेल्या. पाचव्या पानावर दोन चौकोन होते. तपासणीत अनपेक्षित काही आढळल्यास मला कळवावे. तपासणीत अनपेक्षित काही आढळल्यास मला कळवू नये.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, समजा काही निघालं, तर तुम्हाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

"निघंल काय?"

"बहुतेक नाही."

"तुमी आसता तर काय केलं आसतं?"

"मी सांगा म्हटलं असतं," मी म्हणाले. "कळलेलं बरं."

"मग तसंच करा."

मी बोटाने चौकोन दाखवला, त्यांनी त्यात खूण केली आणि खाली सावकाश सही केली. असा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नसतं, हे मला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. तुमची इच्छा, एवढंच म्हणायचं. पण मावशींना मी परक्या माणसासारखं कसं बोलणार होते?

मशीन सुरू झालं. काचेपलीकडून मला त्यांची पावलं दिसत होती, टाचांना भेगा पडलेली. आमच्या तपासणीत वाहणारं रक्त तेवढं पांढरं उमटतं आणि बाकीचा मेंदू काळा पडतो. पडद्यावर पानं गळलेल्या झाडासारखं काहीतरी उभं राहतं. मी ते झाड फिरवून बघत होते. डाव्या बाजूला, जिथे मोठी वाहिनी दुभंगून पुढे जाते, त्या बेचक्यात एक उंचवटा दिसला. मी चित्र उलटं फिरवलं. वरून बघितलं, खालून बघितलं. तो होताच.

टेक्निशियनने काही बोलायचं नसतं. आम्ही सगळ्यात आधी बघतो आणि सगळ्यात शेवटपर्यंत गप्प बसतो. मावशी बाहेर आल्या, केस सारखे करत म्हणाल्या, पॉवर टिलरच्या खाली डोकं ठिवल्यागत वाटलं. मग विचारलं, कसा आला फोटू?

"छान आला," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. इतका स्पष्ट फोटो क्वचितच येतो.

आठ दिवसांनी सरांनी त्यांना बोलावलं. मावशी, काका आणि मुलगा. मीही होते, कारण मावशींनी तसं सांगितलं होतं. सर भला माणूस. त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली, कागदावर वाहिनी काढली, तिच्या बेचक्यात एक टपोरा थेंब काढला. म्हणाले, इथे भिंत थोडी कमजोर आहे, तिथे छोटा फुगा आलाय. तांदळाच्या कणीएवढा. असे फुगे पुष्कळांच्या डोक्यात असतात आणि ती माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने जातात, त्यांना कधी पत्ताही लागत नाही. वर्षातून एकदा फोटो काढू. रक्तदाब सांभाळा, मिश्री लावणं सोडा, बाकी सगळी कामं करा.

मुलाने विचारलं, "आन् फुटला तर?"

सर खोटं बोलणारे नाहीत. फुटला तर जिवावर बेतू शकतं, म्हणाले. पण शक्यता फार कमी आहे, असंही म्हणाले. दोनदा म्हणाले. पण ते दुसरं वाक्य त्या खोलीत कुणाच्याही कानात शिरलं नाही, हे मला तिघांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. फुगा हा शब्दच वाईट. फुगा म्हटला की फुटणं आलंच. आम्ही तो शब्द सोपा म्हणून वापरत होतो.

बाहेर आल्यावर मावशी कॉरिडॉरमध्ये थांबल्या. काका आणि मुलगा पुढे गेले होते.

"ताई, तुमचं काढलंय का?"

नवीन सेटिंग लावून बघायचं असलं की आम्ही स्वतःच मशीनमध्ये झोपतो. माझं डोकं मी अनेकदा बघितलेलं आहे.

"काढलंय," मी म्हणाले.

"काय निघालं?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. त्यात ना राग होता, ना हेवा. "बरं झालं बया," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मला तुकड्यांनी कळत गेलं, काही गेटपाशी, काही फोनवर. मावशींनी मिश्री सोडली, एका दिवसात. मुलाने त्यांचं पोतं उचलणं बंद केलं. मग विळीवर भाजी चिरताना खाली वाकणंही सुनेने बंद केलं. काका आयुष्यभर त्यांच्याशी तावातावाने भांडत आलेले, ते भांडेनासे झाले. मावशींना याचं फार लागलं. म्हणाल्या, काय बी बोललं तरी आपलं बरं बरं म्हणत्यात, जसं म्या उद्या जानार हाय. भातलावणीला त्यांना बांधावर बसवलं. सगळी बायामाणसं खाचरात ओणवी आणि या एकट्या छत्री घेऊन वर. सर म्हणाले होते सगळी कामं करा, मी सांगून बघितलं. घरातल्यांनी ऐकून घेतलं. मावशींनीही ऐकलं. पण रात्रीतून चार वेळा उठून त्यांची सून त्यांच्या नाकापुढे हात धरून बघायची, हे त्यांना माहीत होतं.

भाद्रपदात सुनेला मुलगी झाली. बाळ घरी आलं. पाचव्या-सहाव्या दिवशी मावशींनी बाळाला मांडीवर घेतलं, तर सून हळूच येऊन बाळ उचलून घेऊन गेली. वाईट काही बोलली नाही. नंतर मुलाने सांगितलं, आई, तुला मधेच कायतरी झालं आन् पोर हातात आसली तर? मावशींनी पुन्हा बाळाला मागितलं नाही.

हे त्यांनी मला रुग्णालयाच्या कँटीनमध्ये सांगितलं. वर्षाच्या फोटोसाठी आल्या होत्या. फोटो मीच काढला होता. फुगा तेवढाच होता, तिळभरही वाढलेला नव्हता. सरांनी आनंदाने सांगितलं, बघा, जसाच्या तसा आहे. मावशी म्हणाल्या, मला ह्ये काढून टाकायचंय.

सरांनी त्यांना समजावलं, पुन्हा बोलावून समजावलं. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही घाई केली नाही. जांघेतल्या वाहिनीतून बारीक नळी घालून थेट मेंदूपर्यंत न्यायची, फुग्यात प्लॅटिनमची केसासारखी तार गुंडाळी करून भरायची, म्हणजे आत रक्त शिरत नाही आणि तो आपोआप बंद होतो. बहुतेकांचं व्यवस्थित होतं. काहींना त्यातच अर्धांगवायूचा झटका येतो. काही न करता राहण्यातही धोका आहे, करण्यातही. वयाचा आणि फुग्याचा विचार करता थांबणं जास्त बरं. हे सगळं त्यांनी सांगितलं. मुलगा मात्र ठाम होता. एकदाचं निघून जाऊ दे, घर पहिल्यासारखं होऊ दे, असं त्याचं म्हणणं.

त्या डॉक्टरांना भेटून आल्यावर आम्ही पुन्हा कँटीनमध्ये बसलो, तेव्हा मावशींनी चहाचा कप तसाच ठेवला होता. म्हणाल्या, "ताई, मरायला म्या भीत न्हाई. पर ही रोज उठून वाट बघायची, ती सोसंना झालीया."

मग माझ्याकडे बघितलं. करू का नको, हे त्यांनी तोंडाने विचारलं नाही. मी त्यांना नको म्हणायला हवं होतं. त्या कणीएवढ्या फुग्याला मी दोनदा चारी बाजूंनी बघितलं होतं, आणि माझी आई असती तर मी तिला हात लावू दिला नसता. पण मागच्या वेळी मी माझं मत दिलं होतं आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं होतं. त्यामुळे या वेळी मी शिकवल्याप्रमाणे वागले.

"तुमची इच्छा, मावशी," मी म्हणाले.

चैत्रात, ठरल्या दिवशी त्या सकाळी लवकर आल्या. हिरव्या बांगड्या काढून सुनेच्या हातात दिल्या. मी खाली माझ्या कामावर होते. दुपारी एकच्या सुमाराला वरून फोन आला की एक पेशंट तातडीने एमआरआयला येतोय, मशीन रिकामं करा. नाव सांगायच्या आधीच मला कळलं.

तार भरताना वाहिनीच्या एका फाट्यात रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ती काढायचा प्रयत्न केला. निम्मी निघाली, उरलेली पुढे सरकली. मावशींना टेबलावर घेतलं तेव्हा डोळे उघडे होते. मला बघून त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी त्यांच्या कानात बोळे घातले, डोक्याभोवतीची चौकट लावली, आत सरकवलं. दोन मिनिटांत चित्रं येऊ लागली. मेंदूचा जो भाग मरायला लागलेला असतो, तो या चित्रांत चुन्यासारखा पांढरा दिसतो. डावीकडे, जिथून माणूस बोलतो, तिथे तो पांढरा पट्टा एकेका चित्रात मोठा होत गेला. मागे चार डॉक्टर उभे होते. मी बटणं दाबत राहिले. बाकी काय करणार होते?

फुगा मात्र पूर्ण बंद झाला. रिपोर्टात तसं लिहिलेलं आहे.

मावशी महिनाभर रुग्णालयात होत्या. उजवा हात गेला, पाय हळूहळू थोडा आला. बोलणं आलं नाही. उपचाराचा सगळा भार रुग्णालयाने उचलला, चौकशी समिती बसली, तिने सगळी कागदपत्रं तपासली. संमतीपत्रं बरोबर होती, माहिती पूर्ण दिलेली होती, धोका सांगितलेला होता. कुणाची चूक निघाली नाही. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुझीही काही चूक नाही. ते बोलताना खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतर पुष्कळ दिवस ते कुणाशीच नीट बोलले नाहीत. चूक कुणाची तरी असती तर मी त्या माणसाचा राग केला असता, माझी असती तर शिक्षा मागितली असती. तसं काहीच नव्हतं. जे जे करायला हवं ते सगळ्यांनी केलं, आणि एका धडधाकट बाईचं असं झालं.

प्रकल्प संपला तेव्हा नोंदी एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं. निरोगी लोकांच्या यादीत मावशींचा क्रमांक होता. नियमाप्रमाणे ज्यांच्या पहिल्याच फोटोत दोष सापडला ते निरोगी धरता येत नाहीत; त्यांचे फोटो मोजमापातून वगळायचे. मी सरांना विचारलं, दुसऱ्या कुठल्या अभ्यासात ते वापरता येतील का? एकट्याचे फोटो कशाला उपयोगी पडणार, ते म्हणाले. तुमच्यामुळे आजारी लोकांना ओळखणं सोपं होईल, असं मी मावशींना म्हणाले होते. मी यादीतली त्यांची ओळ निवडली आणि काढून टाकली. खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या.

रिह्याला जायला मला चार महिने लागले. पाऊस संपत आला होता, दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. मावशी ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून तोंडाची डावी बाजू हसली.

"व्हय," त्या म्हणाल्या.

काकांनी सांगितलं की एवढा एकच शब्द राहिलाय. भूक लागली का विचारलं तरी व्हय, नाही का लागली विचारलं तरी व्हय. दुखतंय, व्हय. दुखत न्हाई, व्हय. काका आता त्यांना आंघोळ घालतात, वेणी घालतात. वेणी वाकडी झाली होती. मी पुन्हा घालून द्यावी असं मनात आलं, पण हात पुढे होईना.

मी काकांना म्हणाले, माझं चुकलं, मी तुम्हाला त्या तपासणीला बोलवायला नको होतं. चार महिने मी हे वाक्य घोकत होते. काका उठले, आतून पाण्याचा तांब्या आणला, माझ्यापुढे ठेवला.

"तुमी भल्यासाठीच बोलावलं," ते म्हणाले. "आमी बी भल्यासाठीच आलो. आता कुनाला बोल लावायचा?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर घरी जाताना मी रडले असते, मोकळी झाले असते. आतून बाळ रडलं. सुनेने ते आणून मावशींच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः शेजारी बसून धरून राहिली. आता धोका नव्हता ना, म्हणून. मावशींचा डावा हात बाळाच्या पाठीवर होता, उजवा खुर्चीच्या दांडीवरून खाली लोंबकळत होता. "व्हय, व्हय," असं त्या बाळाला म्हणत होत्या. मी फार वेळ बसू शकले नाही.

मुलगा त्या दिवशी घरी नव्हता. तो मला टाळतोय असं मला वाटलं होतं. रविवारी टेम्पो येणंही बंद झालं होतं. पण या उन्हाळ्यात एका सकाळी तो गेटपाशी उभा दिसला, रिकाम्या हाताने. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. रस्ता रुंद करतायत, शेजारचं रान फार्महाऊसवाल्याला गेलं. मग म्हणाला की त्याने मोबाइलवर वाचलंय, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं.

"ताई, म्या काढून घिऊ का?"

मी सांगितलं, सरांना विचारलंय मी, घरात एकालाच असेल तर मुलांची तपासणी करायलाच हवी असं नाही.

"सरांचं नगं. तुमी सांगा."

मावशी ज्या नजरेने बघायच्या तीच नजर. काढ म्हणावं तर त्याच्या डोक्यात काय निघेल? आणि निघालं तर पुढे काय? नको म्हणावं आणि उद्या टेम्पो चालवताना खरंच काही झालं तर? यातलं मला काहीच येत नव्हतं. मी फक्त फोटो काढते.

"नको," मी शेवटी म्हणाले.

तो बरं म्हणाला आणि गेला. नको म्हटल्याने त्याला काही मोकळं वाटलं नाही, आणि मलाही नाही. तेव्हापासून तो अधूनमधून फोन करतो. डोकं दुखतंय, म्हणतो. कुठे दुखतंय विचारलं की डावीकडे सांगतो. मी विचारते, पाणी कमी प्यायलास का, उन्हात होतास का, झोप झाली का. तो हो म्हणतो, असेल म्हणतो. परवाही आला होता फोन. मी तेच सगळं विचारलं, त्याने तीच उत्तरं दिली. मागे कुठेतरी मावशींचं व्हय, व्हय ऐकू येत होतं. शेवटी त्यानेच ठेवतो म्हटलं आणि ठेवला. मशीनवर पुढचा पेशंट झोपलेला होता, मी आत गेले.